वैद्यकीय शोधनिबंधांतून पुरावा काढायचा कसा: आधी तक्ता, मग सारांश

दहा पीडीएफ चॅटबॉटला द्यायच्या, "सारांश दे" म्हणायचं आणि आलेला परिच्छेद थिसिसच्या 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये चिकटवायचा, हा उद्योग सध्या सर्रास चालतो. परिच्छेद वाचायला गुळगुळीत असतो. मग गाइड विचारतात, "हे एकोणीस टक्के कुठून आले? कुठल्या बायकांवरचे? कशाच्या तुलनेत?" आणि तिथे गाडी अडते.

म्हणून या लेखात सारांशाची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी एक तक्ता तयार होतो. एका ट्रायलच्या (उपचाराच्या चाचणीच्या) एका परिणामाला एक ओळ, प्रत्येक रकान्यात एकच माहिती आणि तिच्याशेजारी मूळ पेपरातलं वाक्य जसंच्या तसं. असा तक्ता यंत्राकडून बऱ्यापैकी भरून घेता येतो आणि तपासताही येतो. सारांश तपासता येत नाही, तो फक्त पटतो किंवा पटत नाही.

हे लिहिताना डोळ्यासमोर आहेत एमडी-एमएसचे रेसिडेंट, पीएसएम (समाजवैद्यक) विभागातली मंडळी आणि आरोग्य-संस्थांत काम करणारे कार्यकर्ते. थोडं पायथन येत असेल तर सगळ्या पायऱ्या जमतील. येत नसेल तरी शोध, तक्ता आणि आकड्यांची पडताळणी एक्सेलवर होते.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असं दिसत असताना आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते का? न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांची या विषयावरची ट्रायल १९७२ची. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे काढणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच प्रश्नावरच्या सुरुवातीच्या ट्रायल्सच्या आहेत. आणि आपल्या जवळचं म्हणजे, या विषयातल्या एका मोठ्या, वादग्रस्त ठरलेल्या ट्रायलची भारतातली दोन केंद्रं नागपूर आणि बेळगाव ही होती. तिच्याकडे पुढे येऊच.

प्रश्न आधी कागदावर

पिको हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता मोजला. मी त्यात पाचवा रकाना घालतो, 'कुठे'. मोठ्या रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात की घरी? आपल्या प्रश्नात सगळी गोम याच रकान्यात आहे.

मग प्रत्येक शब्दाची व्याख्या लिहून ठेवायची. 'मृत्यू' एवढं लिहून भागत नाही. जिवंत जन्मलेलं बाळ पहिल्या २८ दिवसांत दगावलं तर तो नवजात मृत्यू. मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू मिळून पेरिनेटल मृत्यू. एकाच पेपरात दोन-दोन प्रकारच्या मृत्यूंचे आकडे असतात आणि व्याख्या दिली नसेल तर यंत्र समोर जो पहिला दिसेल तो उचलतं. ही व्याख्यांची पानभर यादी पुढे जशीच्या तशी प्रॉम्प्टमध्ये (यंत्राला द्यायच्या सूचनेत) जाते, म्हणून तिच्यावर गेलेला वेळ वाया जात नाही.

शोध

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर हाताने शोधून एकेक पान उघडण्यापेक्षा ती चालवणाऱ्या एनसीबीआयच्या ई-युटिलिटीज (प्रोग्रॅममधून शोध घ्यायची सोय) वापरा. ई-सर्च तुम्हाला पीएमआयडींची (पेपरांच्या पबमेड-क्रमांकांची) यादी देतं, ई-फेच त्या नोंदी एक्सएमएलमध्ये आणून देतं. 'एपीआय की' (फुकट मिळणारा ओळख-कोड) नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या चालतात, घेतली तर १०. एका शोधातून ई-सर्च पहिल्या १०,००० नोंदींपर्यंतच पोहोचतं. त्याहून जास्त येत असतील तर शोध वर्षांच्या तुकड्यांत करा (किंवा प्रश्नच जरा घट्ट करा, तो बहुधा सैल असतो).

शोधसूत्रात मेश शब्द (पेपरांना लावले जाणारे ठरावीक विषय-टॅग) आणि साधे शब्द दोन्ही हवेत. मेडलाइन हा पबमेडचा मुख्य भाग, त्याबाहेरच्या नोंदींना मेशचे टॅग नसतात, त्यामुळे नुसत्या मेशवर विसंबलात तर त्या हुकतात. उलट नुसते साधे शब्द घेतले, तर कोणी 'अँटीनेटल' लिहितं, कोणी 'प्रीनेटल', कोणी थेट 'बीटामेथासोन' हे स्टेरॉइडचं नाव एवढंच. समानार्थी शब्दांची यादी करायला एलएलएम (चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल) कामाचं आहे. पण त्याने लिहिलेलं अख्खं शोधसूत्र डोळे मिटून चालवू नका, अस्तित्वात नसलेला मेश शब्द ते बिनदिक्कत घुसडतं. प्रत्येक शब्द मेशच्या अधिकृत यादीत शोधून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. रँडमाइज्ड ट्रायल्स (ज्यांत कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं) गाळून घेण्यासाठी कॉक्रेनचं तयार फिल्टर आहे. तिथे स्वतःची अक्कल लढवायची गरज नाही.

एक्सएमएलमधून फक्त शीर्षक आणि गोषवारा उचलून बाकीचं फेकून देण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्यात तीन कामाच्या गोष्टी असतात. बऱ्याच गोषवाऱ्यांना पद्धत, निकाल, निष्कर्ष अशी लेबलं आधीच लावलेली असतात, म्हणजे वाक्यं ओळखायला वेगळं मॉडेल चालवावं लागत नाही. ट्रायलचा नोंदणी क्रमांक बऱ्याचदा वेगळ्या रकान्यात मिळतो. आणि पेपर मागे घेतला गेला असेल किंवा दुरुस्ती छापली गेली असेल, तर तिचा दुवाही तिथेच असतो.

नोंदणी क्रमांकाचं महत्त्व पुढे कळतं. एकाच ट्रायलचे तीन-चार पेपर निघतात: मुख्य निकाल, खर्चाचं विश्लेषण, दोन वर्षांनंतरचा पाठपुरावा. यंत्राच्या लेखी ते चार वेगळे पुरावे. नोंदणी क्रमांकावर गट केले की ती एकच ट्रायल दिसते. भारतातल्या ट्रायल्ससाठी आपली सीटीआरआय नोंदवही २००७मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९पासून नोंदणी सक्तीची झाली. त्याआधीच्या पेपरांत क्रमांक मिळणार नाही. तिथे लेखक, गाव, भरतीची वर्षं आणि रुग्णसंख्या जुळवून पाहावं लागतं.

चाळणी

समजा २,००० गोषवारे आले आणि त्यांतले ४० खरोखर कामाचे आहेत. एखाद्या यंत्राने सगळ्यांनाच 'नको' म्हटलं तरी त्याची अचूकता ९८ टक्के भरते! म्हणून इथे अचूकता विचारायची नाही. कामाच्या ४०पैकी किती पकडले, हे विचारायचं. त्याला रिकॉल म्हणतात. ३०० निवडले आणि त्यांत ३८ कामाचे निघाले, तर रिकॉल ९५ टक्के. वाचायला २,०००ऐवजी ३०० उरले, हा फायदा मोठाच. पण सुटलेल्या दोघांत सगळ्यात मोठी ट्रायल असू शकते, हे विसरायचं नाही.

साधनं बरीच आहेत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातून आलेलं एएसरिव्ह्यू हे मुक्त साधन तुमच्या हो-नाहीवरून शिकत जातं आणि कामाचे पेपर वर आणतं. कतारमध्ये तयार झालेलं रय्यान दोघा-तिघांना मिळून चाळायला सोयीचं आहे. रोबोटसर्च हे रँडमाइज्ड ट्रायल आहे की नाही एवढंच ओळखतं, आणि चांगलं ओळखतं. एलएलएमने चाळायचं असेल तर 'हो', 'नाही' यांच्या जोडीला 'सांगता येत नाही' हे तिसरं उत्तर द्यायची मुभा ठेवा. तो तिसरा गठ्ठा माणसाने वाचायचा. जुन्या कित्येक नोंदींना गोषवाराच नसतो, नुसतं शीर्षक असतं. त्या थेट माणसाकडे पाठवा, यंत्राला विचारूच नका.

आता नाकारलेल्या १,७०० गोषवाऱ्यांचं काय? बरेच जण त्यांतले २०० उचलून तपासतात, एकही कामाचा सापडला नाही की हुश्श म्हणतात. संख्याशास्त्रातला तीनचा नियम आठवा: २००मध्ये शून्य सापडले याचा अर्थ खरं प्रमाण ३ भागिले २००, म्हणजे दीड टक्क्यापर्यंत असू शकतं. १,७००चे दीड टक्के म्हणजे पंचवीसेक पेपर! त्यापेक्षा भरवशाची तपासणी अशी: या विषयावर आधीच झालेला चांगला आढावा घ्यायचा आणि त्यातल्या ट्रायल्स आपल्या जाळ्यात आल्या का ते पाहायचं. आपल्या उदाहरणात कॉक्रेनच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आहेत. त्यांपैकी तीन गळाले असतील तर ते शोधात गळाले की चाळणीत, हे लगेच कळतं आणि नेमकं तेवढंच दुरुस्त करता येतं.

पूर्ण मजकूर मिळवणं

गोषवाऱ्यावर थांबू नका. तिथे लेखक चांगलं तेवढं पुढे करतात आणि दुष्परिणामांची बोळवण एका वाक्यात होते. पीएमसीच्या (पबमेड सेंट्रल, पूर्ण पेपरांचा साठा) खुल्या संग्रहात पेपर असेल तर पीडीएफऐवजी त्याचा एक्सएमएल घ्या, तक्ते शाबूत मिळतात. पीडीएफच असेल तर ग्रोबिडसारखं साधन विभाग बऱ्यापैकी सोडवून देतं, पण तक्ते स्वतः पाहा.

पीडीएफमध्ये आकड्यांची जी नासाडी होते, तिचा एक नमुना सांगतो. 'द लॅन्सेट' हे नियतकालिक दशांशचिन्ह खाली न छापता मध्यावर छापतं. तिथला २७·४ हा आकडा तुमच्या कोडला दशांश म्हणून ओळखताच येत नाही. कधी २७ आणि ४ असे दोन आकडे होतात, कधी टिंब गळून २७४ होतो. म्हणून मजकूर हाती आल्यावर पहिलं काम म्हणजे मधल्या टिंबाचं साध्या टिंबात रूपांतर. दुसरं, लांब डॅश आणि वजाचं चिन्ह यांतला फरक. '०.७२–०.९७' मधला डॅश वजा समजला गेला तर वरची मर्यादा उणे होऊन बसते. तिसरं, आकड्याला चिकटलेले तळटीपांचे छोटे अंक. या तीन गोष्टी सुरुवातीलाच निस्तरल्या तर पुढची निम्मी डोकेदुखी जाते.

एक राष्ट्र एक सदस्यता योजनेमुळे जानेवारी २०२५पासून सरकारी महाविद्यालयांत हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. मात्र वाचायची परवानगी आणि स्क्रिप्ट लावून शेकड्याने उतरवून घ्यायची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. एका रात्रीत पाचशे पीडीएफ ओढल्या तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा प्रवेश बंद करू शकतो. ग्रंथपालांना आधी विचारा. पेपर बाहेरच्या चॅटबॉटवर चढवायचा की नाही हेही त्याच अटींवर ठरतं. आणि रुग्णांची केसपेपर-माहिती तर कुठल्याच परिस्थितीत तिथे चढवायची नाही.

तक्ता भरून घेणं

हा या सगळ्या कामाचा गाभा. आधी रकाने ठरवा. मी वापरतो ते असे: ट्रायलचं नाव आणि वर्ष, नोंदणी क्रमांक, देश, ठिकाणाचा प्रकार, रुग्ण, दिवस कसे मोजले, औषध आणि डोस, तुलना, परिणामाची व्याख्या, उपचारगटात किती पैकी किती, तुलनागटात किती पैकी किती, छापलेलं रिलेटिव्ह रिस्क (उपचारगटातला धोका भागिले तुलनागटातला), कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो त्याच्या) दोन मर्यादा, एकक. 'दिवस कसे मोजले' हा रकाना फक्त या प्रश्नापुरता. तुमच्या प्रश्नात असा एखादा खास रकाना असतोच, तो विषयातल्या जाणकाराला विचारून ठरवा.

मग एलएलएमला एका वेळी एकच पेपर द्या, तोही अख्खा नाही. रुग्णांविषयीचे रकाने पद्धत विभागातून, आकडे निकाल विभागातून आणि तक्त्यांतून. प्रॉम्प्टचा सांगाडा साधारण असा:

"तुला एका ट्रायलचा निकाल विभाग दिला आहे. खालच्या प्रत्येक रकान्यासाठी तीन गोष्टी दे: मूल्य, ते ज्या वाक्यात किंवा तक्त्याच्या ओळीत आहे ती ओळ अक्षरशः, आणि विभागाचं नाव. मजकुरात नसेल तर 'दिलेलं नाही' असं लिही. स्वतः काही मोजू नकोस, अंदाज करू नकोस, या विषयाची तुझी माहिती वापरू नकोस. उत्तर जेसॉनमध्ये दे."

जेसॉन म्हणजे रकान्याचं नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा ठरावीक साचा. प्रॉम्प्ट मराठीत लिहिलं तरी चालतं, पण पेपर इंग्रजी आणि रकान्यांची नावंही इंग्रजी असतील तर प्रॉम्प्टही इंग्रजीतच ठेवलेला बरा. मॉडेलची टेंपरेचर (उत्तर दर वेळी किती बदलायचं ते ठरवणारी सेटिंग) शून्यावर ठेवा आणि मॉडेलचं नाव, आवृत्ती, तारीख प्रत्येक ओळीत नोंदवा.

'अक्षरशः' या शब्दावरच सगळा डोलारा उभा आहे. यंत्राने दिलेली ओळ मूळ मजकुरात शब्दशः सापडते का, हे तपासायला बुद्धी लागत नाही, साधी अक्षरजुळणी पुरते. सापडली नाही तर तो रकाना लाल. सापडली, पण त्या ओळीत दिलेलं मूल्यच नाही, तरी लाल. या एका चाचणीने मनाने रचलेले आकडे बहुतेक गळून पडतात. 'दिलेलं नाही' म्हणायची मोकळीकही तितकीच गरजेची. ती नसेल तर यंत्र रिकामी जागा कशानेतरी भरतंच.

आपल्या उदाहरणातल्या तीन ओळी भरून दाखवतो. डब्ल्यूएचओची ॲक्शन-वन ट्रायल २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान या देशांतली रुग्णालयं, २,८५२ स्त्रिया, गर्भ २६ ते ३४ आठवड्यांदरम्यानचा, दिवस सोनोग्राफीने नक्की केलेले, औषध डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड), तुलना प्लासीबोशी (दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या इंजेक्शनशी). नवजात मृत्यू उपचारगटात १,४१७पैकी २७८ (१९.६ टक्के), प्लासीबोगटात १,४०६पैकी ३३१. रिलेटिव्ह रिस्क ०.८४, मर्यादा ०.७२ ते ०.९७.

दुसरी आणि तिसरी ओळ एसीटी ट्रायलची, तीच नागपूर-बेळगाववाली. सहा देश, आणि रँडमायझेशन एकेका स्त्रीचं नव्हे तर अख्ख्या वस्त्या-गावांच्या गटांचं. आरोग्य कर्मचाऱ्यांना धोक्यातल्या स्त्रिया ओळखायला आणि डेक्सामेथासोन द्यायला शिकवलं. शेवटची पाळी आठवत नसेल तिथे गर्भाशयाची उंची रंगीत फितीने मोजून दिवसांचा अंदाज. तुलना नेहमीच्या सेवेशी, प्लासीबो नाही. मुख्य परिणाम अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नव्हे, तर पाचव्या पर्सेंटाइलपेक्षा कमी वजनाच्या (म्हणजे सगळ्यात हलक्या पाच टक्क्यांतल्या) बाळांवर मोजलेला, कारण दिवस खात्रीने माहीत नव्हते. त्या बाळांत रिलेटिव्ह रिस्क ०.९६, मर्यादा ०.८७ ते १.०६. आणि सगळ्या बाळांत मिळून नवजात मृत्यू हजारी २७.४ विरुद्ध २३.९, रिलेटिव्ह रिस्क १.१२, मर्यादा १.०२ ते १.२२. म्हणजे वाढ!

या ओळींत यंत्र कुठे घसरतं ते पाहा. कमी वजनाची बाळं म्हणजेच अपुऱ्या दिवसांची, असं ते परस्पर लिहून टाकतं. एका ट्रायलमध्ये टक्के आणि दुसरीत हजारी प्रमाण, हे लक्षात न घेता २७.४ आणि १९.६ शेजारी मांडतं. नेहमीच्या सेवेला 'प्लासीबो' म्हणतं, कारण ट्रायल म्हटली की प्लासीबो असं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून एकक आणि तुलना हे दोन रकाने माणसाने शंभर टक्के तपासायचे, बाकीचे नमुन्यादाखल चालतील.

शेकड्यांऐवजी लाखभर गोषवारे असतील तर एलएलएम खर्चिक पडतं. तिथे पबमेडच्या मजकुरावर शिकवलेली बायोबर्ट किंवा पबमेडबर्टसारखी लहान मॉडेल्स बरी. ती एकदा शिकवली की स्वस्त आणि स्थिर असतात. रुग्ण, उपचार, परिणाम यांच्या खुणा केलेले सुमारे ५,००० गोषवारे ईबीएम-एनएलपी या २०१८च्या संचात तयार मिळतात. एका थिसिसपुरतं काम असेल तर या वाटेला जाऊ नका.

आकड्यांची झाडाझडती

यंत्राने भरलेला आकडा खरा की खोटा हे पेपर न उघडता बऱ्याचदा कळतं. दोन युक्त्या.

पहिली: किती पैकी किती यावरून रिलेटिव्ह रिस्क स्वतः काढा. ॲक्शन-वनमध्ये २७८ भागिले १,४१७ म्हणजे १९.६ टक्के, ३३१ भागिले १,४०६ म्हणजे २३.५ टक्के, त्यांचं गुणोत्तर ०.८३. छापलेलं आहे ०.८४. चूक नाही ही. जुळ्या बाळांचा किंवा केंद्राकेंद्रांतल्या फरकाचा हिशेब गणितात धरला की एवढा फरक पडू शकतो. एसीटीमध्ये २७.४ भागिले २३.९ केलं तर १.१५ येतं, छापलेलं १.१२, कारण तिथे गटांचं रँडमायझेशन आहे. तेव्हा कोडमध्ये थोडी सूट ठेवा, समजा पाच टक्क्यांची. त्यापलीकडे फरक असेल तर ओळ बाद करू नका, माणसासमोर आणा.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. रिलेटिव्ह रिस्कच्या दोन मर्यादांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की मधला आकडा जवळजवळ परत मिळतो. ०.७२ गुणिले ०.९७चं वर्गमूळ ०.८४. १.०२ गुणिले १.२२चं १.१२. ०.८७ गुणिले १.०६चं ०.९६. तिन्ही जुळले. यंत्राने एका ओळीतला आकडा आणि दुसऱ्या ओळीतल्या मर्यादा असा संकर केला, किंवा टिंब गाळलं, की हे गणित तत्काळ फिसकटतं. एक्सेलमध्ये एका रकान्याचं सूत्र आहे, लावून ठेवा. ऑड्स रेशो आणि हॅझार्ड रेशो या दुसऱ्या गुणोत्तरांनाही चालतं. सरासरीतल्या फरकाला मात्र नाही, तिथे दोन मर्यादांची साधी सरासरी घ्यायची.

पक्षपाताचा धोका, म्हणजे रिस्क ऑफ बायस, ठरवायला रोबोटरिव्ह्यूअरसारखी साधनं आहेत. ती रँडमायझेशन कसं केलं, कोणाला काय माहीत होतं याविषयीची वाक्यं शोधून देतात. तेवढ्यापुरती वापरा. निवाडा आरओबी-टू या पक्षपात तपासायच्या पद्धतीच्या पाच निकषांवर दोन माणसांनी स्वतंत्रपणे करायचा.

एकत्र करणं आणि सारांश

मेटा-ॲनालिसिस (अनेक ट्रायल्सचे आकडे एकत्र करायचं गणित) एलएलएमला सांगू नका. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत मेटाफॉर हे पॅकेज आहे, तक्ता सीएसव्हीत दिला की काम होतं आणि उद्या पुन्हा चालवलं तरी तेच उत्तर येतं.

पण काय एकत्र करायचं हा निर्णय त्याआधीचा. आपल्या दोन ट्रायल्समध्ये औषध तेच, मोजलेला मृत्यू तोच, आणि निकाल उलटे. यंत्र सरासरी काढायला एका पायावर तयार असतं. तक्त्यातले 'कुठे' आणि 'दिवस कसे मोजले' हे रकाने वाचले की उलगडा होतो. एकीकडे सोनोग्राफी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेणारं रुग्णालय, दुसरीकडे गावपातळीवर अंदाजाने निवडलेल्या स्त्रिया, ज्यांतल्या बऱ्याच जणी पुढे पूर्ण दिवस भरून बाळंत झाल्या. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरासरी काढून नागपूरच्या ग्रामीण भागातल्या डॉक्टरला काही कळणार नाही, मुंबईच्या निओनेटॉलॉजिस्टलाही नाही.

सारांश लिहायला एलएलएमला आता पेपर द्यायचे नाहीत, फक्त तपासलेला तक्ता द्यायचा. नियम एकच: प्रत्येक वाक्याच्या शेवटी तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक, क्रमांक नसलेलं वाक्य छाटलं जाणार. फरक किती पडतो ते पाहा. थेट पीडीएफ दिल्यावर येणारं वाक्य साधारण या छापाचं असतं:

"गर्भवतींना स्टेरॉइड दिल्याने नवजात मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी होतात, मात्र काही अभ्यासांत असा परिणाम दिसून आला नाही."

यात रुग्ण नाहीत, ठिकाण नाही, आकडा नाही, आणि 'दिसून आला नाही' या शब्दांखाली मृत्यू वाढल्याची गोष्ट गडप झाली आहे. तक्त्यावरून लिहून घेतलेलं असं येतं:

"सोनोग्राफीने दिवस नक्की केलेल्या, २६ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतींना रुग्णालयात डेक्सामेथासोन दिल्यावर जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे नवजात मृत्यू २३५वरून १९६वर आले, तुलना प्लासीबोशी (ओळ १). गावपातळीवरच्या कार्यक्रमात सगळ्या बाळांतले नवजात मृत्यू नेहमीच्या सेवेतल्या हजारी २३.९च्या तुलनेत २७.४ होते (ओळ ३)."

वाचायला रुक्ष आहे, मान्य. हजारी आकडे मुद्दाम घेतले आहेत. '१६ टक्के घट' म्हटलं की ऐकणारा भारावतो. हजारी ३९ मृत्यू कमी म्हटलं की साधारण पंचविसेक बाळांच्या आयांना औषध दिल्यावर एक मृत्यू टळतो, हा हिशेब लगेच करता येतो.

एलएलएमच्या सारांशात एक चूक फार चिवट आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हल १च्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल तर ते 'परिणाम नाही' असं लिहितं. ०.८७ ते १.०६ याचा अर्थ तेरा टक्के घटीपासून सहा टक्के वाढीपर्यंत काहीही शक्य आहे, एवढाच. प्रॉम्प्टमध्ये 'परिणाम नाही' या शब्दप्रयोगावर सरळ बंदी घाला आणि त्याऐवजी दोन्ही मर्यादा लिहायला लावा. पुराव्याची खात्री किती, हे ग्रेड पद्धतीच्या चार पातळ्यांत (उच्च, मध्यम, कमी, अगदी कमी) माणसाने ठरवायचं आणि तक्त्यात भरायचं. यंत्राने ते फक्त वाक्यात आणायचं.

परीक्षा आणि पुढची देखभाल

सुरुवातीलाच वीस-तीस पेपर दोघांनी स्वतंत्रपणे हाताने भरावेत, मतभेद तिसऱ्याने सोडवावेत. हा झाला कसोटीचा संच. यंत्राचे गुण सरसकट एका टक्केवारीत नका मोजू, रकान्यागणिक मोजा. देश आणि रुग्णसंख्या यांत ते सहज चांगलं ठरतं, व्याख्या आणि तुलना यांत अडखळतं. सरसकट सरासरीत हे झाकलं जातं. दोन माणसांतच ज्या रकान्यावर एकमत होत नाही, तिथे दोष बहुधा तुमच्या व्याख्येचा असतो, ती आधी सुधारा. प्रॉम्प्ट सुधारताना जे पेपर वापरले ते गुण मोजायला वापरू नका. कंपनीने मॉडेलची आवृत्ती बदलली की हाच संच पुन्हा चालवा. थिसिसच्या पद्धत विभागात साधन, आवृत्ती, प्रॉम्प्ट आणि हे गुण द्या. प्रिझ्मा २०२०च्या (आढाव्यात काय काय सांगायचं त्याच्या) यादीत ऑटोमेशन कुठे वापरलं हे सांगायला जागा आहे.

शोध महिन्यातून एकदा आपोआप चालवा, आणि नुसत्या नव्या नोंदी आणून थांबू नका. तक्त्यातल्या जुन्या पीएमआयडीही पुन्हा मागवून दुरुस्ती किंवा माघारीचा दुवा आला का ते पाहा. सर्जिस्फिअर कंपनीच्या आकड्यांवर आधारलेला कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा पेपर लॅन्सेटमध्ये २२ मे २०२०ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. मधल्या तेरा दिवसांत ज्यांनी तो तक्त्यात घेतला, त्यांच्या तक्त्यात तो आपणहून नाहीसा होत नाही. अशी ओळ पुसू नका. तिच्यापुढे 'मागे घेतला' आणि तारीख लिहा, मेटा-ॲनालिसिस आणि सारांश तिच्याशिवाय पुन्हा चालवा आणि जुन्या तक्त्याची तारखेसह प्रत वेगळी जपून ठेवा. व्हायव्हाला "मागच्या मसुद्यात आकडा वेगळा होता" असं कोणी म्हणालं, तर तीच दाखवायची.